फुलांची रजा

टेकडीखालचं गाव, ताइहू सरोवराकाठी
१४ ऑक्टोबर १९८५

यालान,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या दादाने मनातल्या मनात वाचलं, मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि आईंनी मला पुन्हा दोनदा वाचायला लावलं, कारण म्हणे पहिल्या वेळी मी ओळी गाळल्या. मी या घरात लग्न होऊन आले त्याच वर्षी तू शिंजियांगच्या कापसाच्या मळ्यावर गेलीस. पंचवीस वर्षं तुझी पत्रं मीच वाचतेय, तरी सासूबाईंना वाटतं की सून अर्धं वाचते आणि अर्धं खाते.

तर चार वर्षं सरली आणि आईला भेटायला जायची तुझी रजेची पाळी आली. आनंद झाला. कापूस संपला की डिसेंबरात येते म्हणतेस. यालान, माझं ऐकशील तर डिसेंबरात येऊ नकोस. तुमच्याकडे घरात शेगड्या पेटतात. इकडे घरात बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी, धुकं इतकं की तळं दिसत नाही, आणि तू आठ दिवस नुसती रजई पांघरून बसशील. पंचवीस वर्षांत तू चार वेळा आलीस, चारही वेळा ऐन थंडीतल्या वसंतसणाला, आणि चारही वेळा झाडांवर नुसत्या कळ्या होत्या. टेकडीच्या पायथ्याशी जन्मलेली मुलगी तू, आणि गेल्यापासून प्लमची फुलं पाहिली नाहीस. धान्य पिकवायच्या सक्तीच्या वर्षांत तोडलेली झाडं पुन्हा लावली होती ना, ती आता भरात आली आहेत. शांघायहून माणसं कॅमेरे घेऊन येतात. ‘सुगंधी हिमसागर’ अशी पाटी लावली आहे टेकडीवर. आपण तिला नुसती टेकडी म्हणायचो, ते आता कुणाला पुरत नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ये. आईही तेच म्हणतात. त्यांचे शब्द असे: “तिला लिही, डिसेंबरात माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नाही. मार्चमध्ये निदान टेकडी आहे.”

डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, पण भरतकामाची चौकट सोडत नाहीत. पत्राच्या खालच्या कोपऱ्यात नेहमीप्रमाणे त्यांनी सही म्हणून सुईदोऱ्याने पाच टाक्यांचं फूल घातलं आहे. ते फूल आहे की कोळी, हे तूच ठरव.

तुझी वहिनी,
रुईफांग

&nbsp;

कापसाचा सरकारी मळा, शिंजियांग
३० ऑक्टोबर १९८५

वहिनी,

ठीक आहे. मार्च.

फूलच आहे. एक पाकळी पळून शेजारच्या ओळीत गेली आहे एवढंच.

इथे वेचणी चालू आहे. हात सोलवटले आहेत, म्हणून अक्षर असं. रजेच्या टेबलावर आता ल्यूबाई बसतात. गेल्या वर्षी एकाने दोन वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांना भेटायची रजा घेतली आणि नंतर ते उघडकीला आलं. तेव्हापासून ल्यूबाईंना गावचा शिक्का लागतो. रजा आईबापाला भेटायची असते, वाटेल त्याला भेटायची नव्हे, असं त्या मला ऐकवत होत्या. जसं काही मी त्यांना फसवायलाच आले होते. तर आई हयात असल्याचा दाखला गावच्या कचेरीतल्या थानकाकांकडून घेऊन जानेवारीत पाठव. तो आला नाही तर पाळी पुढच्या माणसाला जाते आणि मग चार वर्षं गप्प बसायचं. पुढच्या खेपेला आई अठ्ठ्याहत्तरची होईल. तेवढं थांबवत नाही मला.

आईला विचार, मी येताना काय आणू? मनुका मऊ लागतात की चालतात? दात किती उरलेत, खरं सांगायला सांग. मागच्या वेळी सहा सांगितले होते आणि मी मोजले तर चार होते.

दादाचं कसं चाललंय? अजून झाडं चिरतो का?

यालान

&nbsp;

न पाठवलेलं पत्र
२ डिसेंबर १९८५

यालान,

आई गेल्या. गुरुवारी, अठ्ठावीस तारखेला, सकाळी. पेज प्यायल्या, पेजेत मीठ कमी म्हणाल्या, उन्हात खुर्ची मांडायला लावली. मी आतून रजई आणेपर्यंत मान कलली होती. बाकी काही झालं नाही. चार दात होते, तुझं बरोबर होतं.

हे पत्र मी लिहितेय आणि टाकणार नाही. तार करायला तुझा दादा निघाला होता, पायात बूट चढवून दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, “थांब. तार केलीस तर तिची रजा गेली.”

“गेली तर गेली. आई गेली ना.”

“आईसाठी रजा होती. आई नाही तर रजा नाही. आता तार पोचून ती निघाली तरी तिला इथे काय मिळणार? ल्यूबाई विचारतील, आईबाप आहेत का, ती खरं सांगेल आणि नाव खोडलं जाईल. मग ती या घरी कधी येणार? भावाला भेटायची रजा नसते.”

तो उंबऱ्यावर बसला. मग बूट काढले. मला म्हणाला, “तू लिही काय लिहायचं ते. मला जमणार नाही.” आणि मागे जाऊन कुऱ्हाडीला धार लावत बसला. धार कालच लावली होती.

पण मी तुला जे सांगायला बसले ते हे नव्हे. ऑक्टोबरात मी लिहिलं ना, आईही मार्चच म्हणतात? आई तसं म्हणाल्या नव्हत्या. ते शब्द माझे आहेत. तुझं पत्र ऐकून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “केव्हा का येईना, लवकर येऊ दे.” आणि मी मार्च लिहिलं. जपानी बायकांच्या कमरेचे रेशमी पट्टे भरायचं काम घेतलं होतं, बारा पट्टे, वसंतसणाच्या आधी द्यायचे. दक्षिणेच्या खिडकीत माझी चौकट आहे, घरात चांगला उजेड तेवढाच. तू आलीस की तुझी खाट तिथे पडते आणि चौकट माळ्यावर जाते. म्हणून मार्च. फुलं मला लिहिता लिहिता सुचली आणि सुचल्यावर मलाच ती खरी वाटायला लागली.

डिसेंबर म्हणजे आता. तू आता गाडीत असतीस. तरीही चार दिवस उशीर झाला असता, असं मी स्वतःला सांगते. पण मी नोव्हेंबर लिहिलं असतं तर? काम आटोपून अर्ज केला असतास तर? हा हिशेब मी रोज मांडते आणि रोज मीच दोषी निघते.

निदान फुलं तरी तुला मिळायला हवीत. ती मी तुला देणारच, कशीही.

रुईफांग

&nbsp;

टेकडीखालचं गाव
९ डिसेंबर १९८५

यालान,

इकडे सगळं ठीक आहे. थंडी पडली आहे. आई दुपारी उन्हात बसतात. मनुका म्हणालीस तेव्हा खूश झाल्या. म्हणाल्या, “माझी गुणी पोर, इतक्या लांब राहून आईच्या दातांची काळजी करते.” दात चार आहेत, तुझं बरोबर होतं. तुझी आठवण रोज काढतात. प्रवासात अंगावर भरपूर कपडे घाल म्हणाल्या.

तुझा दादा अजून झाडं चिरतो. फळ देऊन थकलेलं जुनं खोड मुळासकट काढायचं, कुऱ्हाडीने उभं दोन भाग करायचे, प्रत्येक अर्ध्यावर फुलांच्या झाडाची काडी बांधायची, असं ते चालतं. चार वर्षांनी त्या पोकळ अर्ध्या खोडावर फुलं येतात आणि शहरातल्या बागा कुंडीसकट घेऊन जातात. यंदा लांब ओसरीच्या बागेत प्रदर्शन आहे, तिथे त्याची तीन झाडं जाणार. तू आलीस की आपण दोघी बघायला जाऊ.

दाखला जानेवारीत पाठवते. काळजी करू नकोस.

आईंनी फूल घातलं आहे.

रुईफांग

&nbsp;

मळा, शिंजियांग
२५ डिसेंबर १९८५

वहिनी,

पत्र मिळालं. फूल पाहिलं. फार सुरेख आहे.

आईला काही सांगू नकोस. तिला निवांत राहू दे.

तू जेवतेस का वेळेवर? चुलीपाशी उभ्याने जेवायची तुझी सवय आहे, ती सोड. दादाला म्हणावं, वहिनीला उन्हात बसव. भरतकाम असेल तर ते थोडं बाजूला ठेव, डोळे दुखतील.

इथे कालवे गोठले. कापूस संपला. आता रविवारी सुट्टी असते, तेव्हा घरी काहीतरी रांधते.

यालान

&nbsp;

न पाठवलेलं पत्र, दुसरं
१४ जानेवारी १९८६

यालान,

तुझं पत्र आलं. मला राग आला तुझा. आईसाठी एक ओळ लिहिलीस, आणि तीही ‘काही सांगू नकोस’ अशी. मनुका नाहीत, दात नाहीत. उलट माझ्या जेवणाची चौकशी. दूर राहून माणूस कोरडं होतं म्हणतात ते हेच, असं मी तुझ्या दादाला म्हटलं. मग मला वाटलं, आईच नाहीत तर कोरडेपणाचा राग तरी कुणाच्या वतीने करायचा.

एक तारखेला पाचवा सातवा होता. सात-सात दिवसांचे पाच फेरे, पस्तीस दिवस. तुला सांगायला नको, गेलेल्या माणसाचं ते जेवण मुलीने रांधायचं असतं, सुनेने नव्हे. शेजारणी आल्या होत्या. म्हणाल्या, “मुलगी कुठाय?” मी म्हटलं, “शिंजियांगात.” “कळवलं का?” मी म्हटलं, “हो.” खोटं बोलायची इतकी सवय झाली आहे की आता जीभ अडखळत नाही. मी तुझा जुना निळा अ‍ॅप्रन बांधला, तुझ्या नावाने रांधलं आणि तुझ्या नावाने वाढलं. तुझ्या हातचं जेवण मी आईंच्या तोंडचं काढून घेतलं, ते मी भरून देऊ शकत नाही हे मला ठाऊक आहे. रजा मिळवायला गेले आणि हे हिरावून बसले.

काल दाखल्यासाठी थानकाकांकडे गेले.

“काका, आई हयात असल्याचा दाखला हवा.”

“कुणाची आई?”

“आमची.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “रुईफांग, गेल्या महिन्यात मी तुमच्याकडे जेवून आलो. कसलं जेवण होतं ते?”

“टोफूचं.”

“अंत्यसंस्काराचं. ज्या घरी टोफू जेवलो, त्याच घरी हयातीचा दाखला देऊ? माझं वय झालंय, बाई, पण अजून वेड लागलेलं नाही.”

मी सगळं सांगितलं. ल्यूबाई, पाळी, मार्च, सगळं. पट्ट्यांचं सोडून. ते ऐकत होते आणि टेबलावरचा शिक्का इकडून तिकडे सरकवत होते.

“मृत्यूची नोंद झालीय का?” त्यांनी विचारलं.

“ती तुम्हीच करणार ना?”

“मग झाली नसेल. ती वही सापडत नाहीये. कपाटामागे पडली असणार. माझी कंबर अशी, कपाट हलवायचं तर एप्रिल उजाडेल.” त्यांनी शिक्क्यावर फुंकर घातली. “मी वहीत आहे तेवढंच जाणतो. यालानला घेऊन ये इथे. लहानपणी माझी बोरं चोरायची ती.”

शिक्का दिला. मी घरी येईपर्यंत रडले.

रुईफांग

&nbsp;

टेकडीखालचं गाव
१५ जानेवारी १९८६

यालान,

दाखला सोबत आहे. घडी नीट उलगड, शिक्का ओला असताना जरा पसरला आहे.

कळ्या धरल्या आहेत. थंडी टिकली तर दहा मार्चच्या आसपास भर येईल. लवकर ऊन पडलं तर आठवडाभर आधी. फुलांना कुणाचा शिक्का लागत नाही, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. पाच तारखेपर्यंत निघालीस तर चुकणार नाहीस.

बाकी ठीक. आईंचं फूल आहेच.

रुईफांग

&nbsp;

मळा, शिंजियांग
१२ फेब्रुवारी १९८६

वहिनी,

रजा मंजूर झाली. पाच मार्चला ऊरुम्छीहून गाडी, नऊला सुचौ स्टेशन. ल्यूबाईंनी दाखला उजेडासमोर धरून पाहिला, मग म्हणाल्या, “आईला माझा नमस्कार सांगा.” मी हो म्हटलं.

फुलं नसली तरी चालतील. हे लिहून ठेवते, म्हणजे झाडाखाली उभी राहून आभाळाला दोष देत बसू नकोस.

स्टेशनवर दादाला पाठवू नकोस. तू ये.

यालान

&nbsp;

मळा, शिंजियांग
४ एप्रिल १९८६

वहिनी,

परवा पोचले. चार दिवस गाडीत बसून पाय सुजले आहेत, बाकी बरी आहे. निघताना तू माझ्या पिशवीत मनुकांच्या रिकाम्या डब्यात दोन पत्रं कोंबलीस आणि “गाडी सुटल्यावर वाच” म्हणालीस. मी गाडी सुटायच्या आधीच वाचायला घेतली. तू फलाटावर उभी होतीस ना, मी खिडकीतून बघत नव्हते, ते त्यामुळे. तुला वाटलं असेल, नणंद रुसली.

आता मी माझ्या बाजूचं सांगते. आपण वीस दिवस एका खोलीत झोपलो आणि हे बोललो नाही. तोंडासमोर मला जमत नाही.

मला डिसेंबरातच कळलं होतं. तुझं नऊ तारखेचं पत्र बावीसला आलं आणि उघडल्याबरोबर कळलं. फूल सुरेख होतं, वहिनी. पाची पाकळ्या सारख्या, रेशमाचा धागा सोडवून केसासारखा बारीक केलेला, टाका शेवटाला नेमका बुडवलेला. आईच्या हातून तीन वर्षांत असं फूल उतरलं नव्हतं. ल्यूबाईंना ते फसवेल, तुला-मला कसं फसवेल? आणि ‘माझी गुणी पोर’. आईने जन्मात मला गुणी म्हटलं नाही. मला तेव्हाच हसू आलं आणि मग मी कापसाच्या गोदामामागे जाऊन बसले.

मी लिहिलं नाही. का, ते सांगते. पहिली गोष्ट, तू इतक्या कष्टाने ते सगळं उभं केलं होतंस. दुसरी गोष्ट, मला यायचं होतं. खोटं तू बोललीस, पण त्याचा फायदा मी घेतला, आणि जाणूनबुजून घेतला. ल्यूबाईंच्या समोर हो म्हणताना माझीही जीभ अडखळली नाही. त्यामुळे दोष वाटायचाच असेल तर अर्धा माझ्याकडे पाठव.

तारीख मला माहीत नव्हती, त्यामुळे पाचवा सातवा कधी येतो ते मोजता येईना. म्हणून प्रत्येक रविवारी रांधत होते. शेवया, अंडं, थोडं डुकराचं मांस मिळालं तर ते. नवऱ्याने दोन रविवार पाहिलं, तिसऱ्या रविवारी विचारलं नाही, नुसता बाहेर जाऊन उभा राहिला. म्हटलं, कुठला तरी दिवस बरोबर असेल. तुझ्या पत्रात वाचलं की तो बुधवार होता. म्हणजे एकही रविवार बरोबर नव्हता. पण बुधवारी माझ्या नावाने तू वाढलंस. तू माझं काही हिरावलं नाहीस. माझ्या हातून जे चुकलं असतंच, ते तू वेळेवर केलंस. हे माझ्या समजुतीसाठी लिहीत नाही, मला खरंच तसं वाटतं.

मी गाडीतून उतरले तेव्हा माझ्या केसांत पांढऱ्या लोकरीचं फूल होतं, आई गेलेल्या मुली घालतात ते. तू ते पाहिलंस आणि माझी पिशवी घेतलीस. मग बसमध्ये म्हणालीस, “टोपी घाल, वारा आहे.” मी टोपी घातली नाही. तेवढंच बोलणं झालं आपलं, पण माझ्यासाठी ते पुरेसं होतं.

आता मार्चबद्दल. बारा पट्टे आणि दक्षिणेची खिडकी. वहिनी, मी तुझं कधी ऐकलंय? पंचवीस वर्षांत एकदा तरी? तू म्हणालीस शेतकऱ्याशी लग्न कर, मी मळ्यावर गेले. तू म्हणालीस चांगशी करू नकोस, तो हेनानचा, नुसते मोमो खातो, मी त्याच्याशीच केलं. मला डिसेंबरात यायचंच असतं तर तुझ्या एका पत्राने मी थांबले असते? तुझं ऑक्टोबरातलं पत्र आलं तेव्हा मला बरं वाटलं. डिसेंबरात आमच्या लेकीच्या, श्याओहुआच्या, होणाऱ्या सासरची माणसं घर बघायला येणार होती, भिंती रंगवायच्या होत्या, आणि मी मनात म्हटलं, आई काय, मार्चपर्यंत आहेच. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. तुझा रोजचा हिशेब आता बंद कर. त्यात माझं नाव धरलंच नव्हतंस, त्यामुळे तो पहिल्यापासून चुकीचा होता.

फुलं मला मिळाली. दुसऱ्याच दिवशी पावसाने निम्मी झडली आणि तू आभाळाला शिव्या दिल्यास, तरी मिळाली. मला टेकडी लहानपणी फार मोठी वाटायची. आता अर्ध्या तासात वर गेलो. त्या लाउडस्पीकरचं गाणं आणि शांघायच्या बायका फांद्या ओढून फोटो काढतायत, हे मला आवडणार नाही असं तुला वाटत होतं. मला आवडलं. मी गेले तेव्हा तिथे झाडं तोडून गहू पेरायची तयारी चालली होती. आता माणसं नुसती बघायला येतात. आईला जिथे ठेवलंय त्या ओळीतली झाडं अजून बारीक आहेत, पण वरून तळं दिसतं. तिथे दादा गवत उपटत राहिला, गवत नव्हतं तरी.

मला जास्त आठवते ती लांब ओसरीची बाग. दादाची अर्धी झाडं बघायला गेलो त्या दिवशी. शांघायच्या बाईने विचारलं, “हे झाड आजारी आहे का हो?” आणि दादा म्हणाला, “आजारी नाही. अर्धं आहे.” दिवसभरात तेवढं एकच वाक्य बोलला तो. आणि मग आपण त्या तळ्याकाठच्या मंडपासमोर आलो. आईने तोच मंडप दोनशे वेळा तरी भरला असेल, नमुन्याच्या कागदावरून, जन्मात आत पाऊल न टाकता. गोल खिडकी कायम उजवीकडे. आणि ती डावीकडे निघाली. तुझ्या-माझ्या तोंडून एकदमच “अगं बाई” निघालं. तू म्हणालीस, “बरं झालं त्या आल्या नाहीत, मंडप पाडून परत बांधायला लावला असता.” त्यावर मी तिथेच दगडावर बसले आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा लोकांसमोर रडले. हसताना सुरू झालं, म्हणून कुणाला कळलं नसेल.

काल ऑफिसात गेले. ल्यूबाईंनी विचारलं, “आई कशी आहे?” मी सांगितलं, गेली. कधी, ते सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. माझ्या केसांकडे बघत होत्या. मग त्यांनी रजेचं रजिस्टर काढलं, माझ्या नावावर पट्टी ठेवून रेघ मारली. सरळ रेघ, व्यवस्थित. म्हणाल्या, “वाईट वाटतं, पण रकाना आईबापाचाच आहे.” मी विचारलं, भाऊ-वहिनी? त्या म्हणाल्या, “तसा रकाना नाही.”

तर हे असं आहे, वहिनी. मला आता सुट्टी नाही. निवृत्त व्हायला दहा वर्षं आहेत. दादाचे केस तेवढ्यात सगळे पांढरे होतील आणि तुझे डोळे आईसारखे होतील. हे मला पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं आणि लिहून काही होत नाही. तुम्ही दोघं मला फार हवे आहात. हे तुला स्टेशनवर सांगायला हवं होतं, मी पत्र वाचत बसले.

यालान

&nbsp;

टेकडीखालचं गाव
२८ एप्रिल १९८६

यालान,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं, तुझ्या दादासमोर. या वेळी एकही ओळ गाळली नाही. मोमोवाली ओळ त्याने दोनदा वाचायला लावली आणि हसला. मग मागे गेला आणि बराच वेळ आला नाही.

फुलाचं म्हणशील तर वाकडं घालायचा मी प्रयत्न केला होता. तीन कागद फाडले. सुई हातात आली की हात आपला सरळच जातो, मी काय करू? तू अशी फसणार नाहीस हे मला कळायला हवं होतं. मी तुला कोरडी म्हटलं, ते मागे घेते. बाकी हिशेब बंद केला आहे, तू म्हणतेस म्हणून. तुझं मीही पहिल्यांदाच ऐकतेय.

थानकाकांना वही सापडली. कपाटामागेच होती म्हणे. त्यांनी नोंद केली आणि मला म्हणाले, “आता संपलं, रुईफांग. आता शिक्का मागायला येऊ नकोस.” मी म्हटलं, “आता लागणार नाही.”

कारण मी विचार केला आहे. तू कामगार आहेस, तुला रजा लागते, म्हणून ती नाकारता येते. आम्ही शेतकरी. आम्हाला आजवर कुणी रजा दिली नाही, त्यामुळे कुणी अडवूही शकत नाही. जूनपर्यंत प्लम उतरवून होतील, पट्ट्यांचं नवं काम मी घेतलंच नाही. तुझा दादा झाडं सोडून यायला कुरकुरतोय, पण काल त्याने आपणहून गाडीचं वेळापत्रक आणलं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघतो. चांगना सांग, भात शिजवायला शिका, माझ्या पोटाला रोज मोमो चालणार नाहीत. श्याओहुआच्या सासरच्यांसाठी भिंती रंगवल्या होत्या ना, त्या आता आम्हीही बघू.

एक राहिलं. तुमच्या मळ्यावर पाहुण्यांची नोंद करावी लागते असं तू मागे लिहिलं होतंस. ल्यूबाईंनी विचारलं की ही कोण, तर वहिनी म्हणू नकोस, तसा रकाना नाही. बहीण म्हण. तोही रकाना नसेल. तरी म्हण.

रुईफांग